यादीतला ३२.४ : पुण्यातल्या एका किशोरवयीन खेळाडूच्या चरबी-मोजणीचं प्रकरण

पश्चिम पुण्यातल्या एका फुटबॉल अकादमीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या शरीरातली चरबी एका यंत्रावर मोजली गेली. नावांसकट यादी चेंजिंग रूमच्या दारावर लागली. ज्यांचा आकडा २५ टक्क्यांच्या वर होता, त्यांना सांगण्यात आलं की दोन महिन्यांत खाली या, नाहीतर निवड चाचणीला बसता येणार नाही. ३२.४ हा यादीतला सर्वांत मोठा आकडा. तो जिच्या नावापुढे होता ती मुलगी अडीच महिन्यांनी आई-वडिलांबरोबर माझ्याकडे आली.

मी बालरोगतज्ज्ञांच्या जोडीने काम करणारी पोषणतज्ज्ञ आहे. मुलीच्या आणि पालकांच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. प्रकरण एका मुलीचं असलं तरी त्याच यादीतल्या आणखी दोघींशिवाय ते नीट समजत नाही. एक गोलकीपर, घर मणिपूरला, शिकायला पुण्यात. दुसरी स्ट्रायकर, तिचे वडील सुदानहून पुण्यात शिकायला आले आणि कुटुंबासह इथेच राहिले. पुण्यासारख्या शिक्षणाच्या गावात एका संघात अशा तीन मुली असणं काही नवलाचं नाही. पण यंत्राला त्या तिघी सारख्याच दिसतात, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

पहिली भेट

मुलगी १४ वर्षं ४ महिन्यांची. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ४६.२ किलो. पाळी बाराव्या वर्षी सुरू झालेली आणि नियमित होती, पण गेले तीन महिने आलेली नव्हती. आईने हे सहज बोलता बोलता सांगितलं, "खेळणाऱ्या मुलींचं असं होतं म्हणे." खेळणाऱ्या मुलींचं असं होतं हे खरं. पण होतं म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. खर्च होणाऱ्या शक्तीच्या मानाने खाणं अपुरं पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडांच्या वाढीला कात्री लावतं. चौदाव्या वर्षी हाडं भरण्याचा काळ ऐन भरात असतो.

खाण्याचं विचारलं. सकाळचा नाश्ता बंद. भात बंद, दोन पोळ्यांची एक पोळी. आणि पाणी कमी. मी विचारलं, पाणी का गं? ती म्हणाली, "सरांनी सांगितलं, पाण्यानं वजन वाढतं. मोजायच्या दिवशी तर आदल्या दुपारपासून पीतच नाही." आमच्याकडे येतानाही ती तशीच आली होती. तिला वाटलं इथेही मोजणार, मग तयारी करूनच जाऊ.

वडील रागावलेले होते. "मॅडम, मशीन खोटं आहे की नाही एवढंच सांगा. माझी मुलगी जाड दिसते का तुम्हाला?" जाड ती दिसत नव्हतीच. बीएमआय १९.५, इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्सच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यावर निर्धास्त करणारा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून बराच कमी. पण वडिलांच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं मला योग्य वाटलं नाही, आणि ते का, हे पुढे येईलच.

यंत्र नेमकं काय मोजतं

बायोइम्पिडन्सचं, म्हणजे अकादमीत होतं तसलं, यंत्र चरबी मोजत नाही. प्रशिक्षकांना, पालकांना, जिममधल्या मुलांना हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. यंत्र शरीरातून अगदी क्षीण प्रत्यावर्ती विद्युतधारा सोडतं, बहुतेक यंत्रांत ५० किलोहर्ट्झची, आणि तिला किती रोध झाला ते ओहममध्ये मोजतं. पाणी आणि त्यातले क्षार धारा सहज वाहून नेतात, चरबी नेत नाही. स्नायूंत पाणी भरपूर, चरबीत फार थोडं. उंचीचा वर्ग भागिले रोध हा आकडा शरीरातल्या एकूण पाण्याच्या जवळपास प्रमाणात असतो, हे १९६० च्या दशकातच दाखवलं गेलं होतं. मोजमाप इथे संपतं.

पुढचं सगळं गणित अंदाजाचं आहे. पाण्यावरून चरबी सोडून उरलेल्या शरीराचं वजन काढायचं, ते एकूण वजनातून वजा करायचं, आणि उरेल ती चरबी. मोठ्या माणसात चरबीविरहित शरीराचा साधारण ७३ टक्के भाग पाणी असतं असं धरतात. मुलांत तो जास्त असतो आणि वयात येता येता हळूहळू खाली उतरतो. समजा एखाद्या ४७ किलोच्या मुलीच्या शरीरात साडेसव्वीस लिटर पाणी आहे. ७३ टक्के धरले तर चरबी २२.८ टक्के निघते, ७५ धरले तर २४.८. पाणी तेच, मुलगी तीच, नुसतं गृहीतक बदललं की दोन अंकांचा फरक.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. धड म्हणजे शरीराच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग, पण एकूण रोधातला त्याचा वाटा जेमतेम दहा टक्के. बाकी सगळा रोध हातापायांचा. पेठेतल्या बोळात गर्दी अडते आणि मैदानात पसरून जाते, तसंच हे आहे: पाय लांब नि अरुंद, धड आखूड नि रुंद. म्हणजे पोटावर काय साठलंय याबद्दल यंत्राला फारसं कळत नाही, आणि पायांची लांबी मात्र त्याच्या उत्तरात मोठा वाटा घेते. नुसतं पाय ठेवून उभं राहायचं जे यंत्र असतं, त्यात तर धारा एका तळपायातून चढून दुसऱ्यातून उतरते. कमरेच्या वरचं सगळं ते सूत्रावर सोडून देतं.

आता त्या तिघींकडे या. आम्ही तिघींची बैठी उंची मोजली, म्हणजे बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतची. आपली मुलगी १५४ पैकी ८०.५ सेंटिमीटर, एकूण उंचीच्या ५२.३ टक्के. गोलकीपर १४८ पैकी ७९.६, म्हणजे ५३.८ टक्के. स्ट्रायकर १६६ पैकी ८४, म्हणजे ५०.६ टक्के. एकीचे पाय उंचीच्या मानाने आखूड, एकीचे लांब. ज्या मुलांवर सूत्र बेतलं त्यांच्यापेक्षा पाय लांब असतील तर तेवढ्याच स्नायूंना रोध जास्त भरतो आणि यंत्र तिच्या पदरात नसलेली चरबी टाकतं. पाय आखूड असतील तर उलट, असलेली चरबी माफ होते. हा फरक तिन्ही मुलींच्या आहारातून किंवा आळसातून आलेला नाही, त्यांच्या बांध्यातून आलेला आहे.

लंडनच्या शाळांतल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि आशियाई मुलांवर याच प्रश्नाचं काम झालं आहे. तिथे यंत्राचा अंदाज ड्यूटेरियमयुक्त (म्हणजे जड हायड्रोजन असलेलं) पाणी पाजून मोजलेल्या शरीरातल्या पाण्याशी ताडून पाहिला गेला. वंशगटाकडे न बघणारं एकच सूत्र सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, हाच त्या कामाचा रोख. वंश हा शब्द इथे सोयीचा आहे एवढंच. मला विचाराल तर त्याच्या आड दडलेल्या गोष्टी मोजाव्यात: बैठी उंची, वयात येण्याचा टप्पा, शरीरातलं पाणी.

आम्ही काय केलं

पहिल्या दिवशी तिला पाणी पाजून घरी पाठवणं शहाणपणाचं होतं, पण आधी एक मोजणी करून घेतली, कारण तिला आणि तिच्या वडिलांना काहीतरी डोळ्यांनी दिसायला हवं होतं. आमचं यंत्र चार इलेक्ट्रोडचं, हात ते पाय, पाठीवर झोपवून मोजायचं, आणि कच्चा रोध दाखवणारं. रोध ६६५ ओहम. वापरलं ते सूत्र हूटकूपर आणि सहकाऱ्यांचं, १९९२ चं, १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठीचं: चरबीविरहित वजन म्हणजे ०.६१ गुणिले (उंचीचा वर्ग भागिले रोध), अधिक ०.२५ गुणिले वजन, अधिक १.३१. उत्तर आलं ३४.६ किलो. चरबी ११.६ किलो, म्हणजे २५.१ टक्के.

आठ दिवसांनी तिला परत बोलावलं. दोन दिवस आधीपासून नेहमीसारखं पाणी, आदल्या दिवशी सराव नाही, सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन, अंगावरचे दागिने काढून, दहा मिनिटं पडून राहिल्यावर मोजणी. वजन ४७.०, रोध ६४०. चरबीविरहित वजन ३५.७ किलो, चरबी ११.३ किलो, २४.१ टक्के.

तिच्या वहीत मी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या. वजन ८०० ग्रॅमने वाढलं आणि चरबी कमी झाली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मी पाणी सोडलं म्हणून आकडा वाढत होता?" हो, तसंच. पाणी कमी झालं की रोध वाढतो, आणि यंत्राच्या गणितात रोध वाढला की चरबी वाढते. दोन महिने ही मुलगी ज्या उपायाने आकडा खाली आणायला बघत होती, तोच आकडा वर ढकलत होता. अर्थात मोजणीच्या तोंडावर घटाघटा पाणी पिणंही कामाचं नाही. अर्धा लिटर पाणी पोटात असताना लगेच मोजलं तर धडातल्या त्या पाण्याने रोध फारसा हलत नाही, वजन मात्र अर्धा किलोने वाढतं, आणि या सूत्रात त्यातले ३७५ ग्रॅम चरबीच्या खात्यात जमा होतात.

मग २४.१ हा आकडा खरा मानायचा का? या सूत्राची प्रमाणित चूक, म्हणजे अंदाज साधारण जेवढा चुकतो ती, २.१ किलो आहे. सत्तेचाळीस किलोच्या मुलीत ती साडेचार टक्क्यांएवढी होते. म्हणजे प्रामाणिकपणे बोलायचं तर तिची चरबी २० ते २८ च्या दरम्यान कुठेतरी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याच्या बाहेर असण्याचीही थोडी आहे. २५ ची रेघ त्या पट्ट्याच्या आतूनच जाते. शिवाय हे सूत्र अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांवर बसवलेलं आहे.

त्वचेच्या घड्या कॅलिपरने मोजल्या. दंडाच्या मागे १५ मिलिमीटर, पोटरीला १६. स्लॉटर यांच्या १९८८ च्या सूत्राने २४.० टक्के. दोन पद्धती इतक्या जुळल्या की कोणालाही समाधान वाटावं. मला वाटलं नाही, कारण दोन्ही सूत्रं एकाच देशातल्या मुलांवर बेतलेली. त्यात स्लॉटर यांच्या मुलग्यांसाठीच्या एका सूत्रात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगवेगळा स्थिरांक आहे. घडी तेवढीच असली तरी उत्तर वेगळं. भारतीय मुलांसाठी तिथे रकानाच नाही. आणि तिच्या पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची घडी निघाली १७ मिलिमीटर, दंडापेक्षा जाड. पोटरी आणि दंड धरणाऱ्या सूत्रात ही घडी येतच नाही.

पुण्याला हे ठाऊक आहे

इथे थोडं थांबायला हवं, कारण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर याच पाठीवरच्या घडीत आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी झाली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान होती, स्नायूंत आणि पोटाच्या अवयवांत तर फारच. पण फऱ्याखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. बाळ बारीक, तरी चरबी टिकून. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच जोडी पुढे ठेवली. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

म्हणून "मशीन खोटं आहे" एवढं बोलून मी मोकळी होऊ शकत नव्हते. आपल्याकडच्या मुलांत त्याच बीएमआयला चरबी खरोखरच जास्त असते, आणि ती धडाकडे झुकते. याच कारणाने आपल्या बालरोगतज्ज्ञांनी वाढ-तक्त्यावर अतिवजनाची रेघ प्रौढांच्या २३ बीएमआयशी जोडली, २५ शी नाही. मुलगी सडपातळ दिसते म्हणून तिच्या अंगात चरबी नाही, असं तिच्या वडिलांना सांगणं सोपं होतं आणि चूक होतं. प्रशिक्षकांचा आकडा फुगलेला, वडिलांचा अंदाज उतरलेला, आणि खरी मुलगी मध्ये कुठेतरी.

ती कुठे, हे बघायला डेक्सा केली, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणारी तपासणी. चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलीची डेक्सा करावी असं माझं मत नाही. पण इथे निर्णय अडला होता, पाळी थांबली असल्याने हाडांची घनता तशीही बघायची होती, आणि या तपासणीतला किरणोत्सर्ग निसर्गातून एका दिवसात मिळतो त्याच्या आसपासच असतो. चरबी १३.२ किलो, २८.१ टक्के. हाडांची घनता वयाच्या मानाने ठीक. आमच्या झोपवून केलेल्या मोजणीने चार अंक कमी सांगितले होते, अकादमीच्या यंत्राने चार अंक जास्त.

२८.१ ही चिंतेची गोष्ट आहे का? वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी चढते, चढायलाच हवी. तिच्या उपाशीपोटीच्या साखरेत, चरबीच्या रक्ततपासण्यांत काही वावगं नव्हतं. घरात मात्र आजी-आजोबा दोघांनाही मधुमेह आहे. तिने पुढेही खेळत राहावं, हातापायांत स्नायू भरावेत, हे तिच्यासाठी निवड चाचणीपेक्षा मोठं आहे. उपाशी राहून स्नायू घटवणं हे नेमकं त्याच्या विरुद्ध आहे.

मैदानावर

अकादमीचं यंत्र बघायला मी गेले. प्रशिक्षक भला माणूस आहे, पदरमोड करून मुलींना बूट घेऊन देणारा. त्यांनी यंत्र आनंदाने दाखवलं. मुलीला उभं केलं, वय टाकताना त्यांनी १८ टाकलं. मी म्हटलं, सर, ही चौदाची आहे. ते म्हणाले, "मॅडम, चौदा टाकलं तर आकडाच येत नाही. हे बघा." चौदा टाकलं. वजन आलं, चरबीच्या जागी दोन आडव्या रेघा. यंत्र बनवणाऱ्यांनी मुलांसाठी उत्तर द्यायचंच नाही असं ठरवून ठेवलं होतं, आणि ती अडचण समजून सगळ्या संघाला अठराचं केलं गेलं. त्या दोन रेघांत यंत्राने जेवढं खरं सांगितलं, तेवढं यादीतल्या एकाही आकड्याने सांगितलं नव्हतं.

बाकीचंही तिथे उभं राहून दिसलं. मुली टर्फवरून धावत येत, बूट-मोजे काढत आणि तशाच धातूच्या पट्ट्यांवर उभ्या राहत. तळव्यांना मातीचा नि रबराच्या भुकटीचा थर. काहींची मोजणी सरावाआधी, काहींची नंतर. सकाळी उठल्याबरोबर पायांचा रोध जास्त असतो, दिवसभर उभं राहून पाणी पायांकडे उतरलं की तो कमी होतो. आपल्या मुलीला मी प्रशिक्षकांसमोर एकाच दिवशी दोनदा मोजायला लावलं, पाय पुसून, वय अठराच ठेवून. पहाटे ३३.०, संध्याकाळी सरावाआधी ३१.२.

२५ ची मर्यादा कुठून आली, हेही विचारलं. परदेशातल्या एका व्यावसायिक महिला संघाच्या तक्त्यावरून. म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या बायका, दुसरी लोकसंख्या, बहुधा दुसरीच मोजणीची पद्धत. मुलांच्या चरबीचे वयानुसार वक्र आहेत, म्हणजे कोणत्या वयाला किती चरबी आढळते ते दाखवणाऱ्या रेघा. ब्रिटनमधला बहुतेकांना माहीत असलेला संच २००६ चा आहे आणि तो इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या मुलांचा आहे. आपल्याकडे पुण्यातच, जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी भारतीय मुलांचे बायोइम्पिडन्सवरचे वक्र २०१७ मध्ये इंडियन पेडिएट्रिक्स या नियतकालिकात दिले. बंड गार्डनजवळ तयार झालेलं हत्यार मैदानापर्यंत पोचत नाही आणि परदेशी क्लबचा तक्ता फोनवर येऊन भिंतीवर लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण हे वक्रसुद्धा ज्या प्रकारच्या यंत्रावर काढले त्याच प्रकारच्या यंत्रावरच्या आकड्याला लावायचे. हात-पाय यंत्राचा आकडा पाय-पाय यंत्राच्या वक्रावर ठेवला तर पुन्हा गोंधळ.

स्ट्रायकरचा आकडा यादीत १९ होता, म्हणून तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. गोलकीपरचा २४.६, रेघेच्या अगदी खाली, म्हणून तिला शाबासकी मिळाली होती. तिचा बीएमआय तिघींत सर्वांत जास्त, २१. तिच्या आखूड पायांनी तिला सूट दिली असेल, किंवा तिच्यात खरोखरच स्नायू जास्त असतील. यादीवरून दोन्ही सांगता येत नाही. सरांना मी तेवढंच म्हटलं: जिला ओरडलात आणि जिला शाबासकी दिलीत, दोघींबद्दल यंत्राला सारखंच कमी माहीत होतं.

मग ती दमत का होती

प्रशिक्षकांची मूळ तक्रार चरबीची नव्हती. "दुसऱ्या हाफला ही पळत नाही," ही होती. चरबीचा आकडा हाताशी आला आणि तोच कारण ठरला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) तळाला. तिच्या वयाला १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत अॅनिमिया आढळला होता. निम्म्याहून जास्त मुलींत असलेली गोष्ट आधी बघायची की कुठल्याशा यंत्रातला चरबीचा टक्का?

बालरोगतज्ज्ञांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आम्ही नाश्ता परत आणला, भात परत आणला. सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात, मग ती केळं-शेंगदाण्याचा लाडू असो की दूध-पोळी. चहा जेवणापासून दूर. आईने स्वतःहून अळिवाचे लाडू काढले, मी वर लिंबू पिळलेली मटकीची उसळ सांगितली. मुलीला वजनकाट्यापासून सहा आठवडे लांब ठेवलं. हे तिला सर्वांत अवघड गेलं. दोनदा तिने शेजारच्या मेडिकलमधल्या काट्यावर गुपचूप वजन केलं आणि मला येऊन सांगितलं. रागावले नाही, पण तिच्या आईशी बोलले आणि समुपदेशकाकडे पाठवलं. यादीवरच्या आकड्याने झालेली जखम रक्तातल्या लोहापेक्षा सावकाश भरून येते, हे अशा मुलींबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

चार महिन्यांनी उंची १५५.५, वजन ४८.९, हिमोग्लोबिन १२.१. पाळी दोन महिन्यांपासून येऊ लागलेली. पूर्वीच्याच पद्धतीने, त्याच वेळी, त्याच यंत्रावर रोध ६२२. उंचीचा वर्ग भागिले रोध ३७.१ वरून ३८.९ वर गेला. सूत्राने चरबी २३.८ टक्के दाखवली, म्हणजे होती तिथेच. चरबीविरहित वजन मात्र ३५.७ वरून ३७.२ किलो. टक्केवारीत काहीच घडलं नाही असं दिसतं, आणि तरी मुलगी दुसऱ्या हाफला पळू लागली होती. एकाच मुलीची, एकाच यंत्रावर, एकाच परिस्थितीत, काळानुसार तुलना करण्यासाठी बायोइम्पिडन्स मला खरोखर उपयोगी वाटतं. मुलींची आपापसात तुलना करण्यासाठी वाटत नाही.

दारावरची यादी प्रशिक्षकांनी मी मैदानावर गेले त्याच आठवड्यात काढली. निवड चाचणीच्या अर्जावर मात्र 'बॉडी फॅट टक्के' हा रकाना अजून आहे, आणि तो रिकामा सोडला तर अर्ज परत येतो. आपल्या मुलीच्या अर्जावर आम्ही लिहिलं: डेक्साने २८.१, तपासणीची तारीख, बायोइम्पिडन्सचा कच्चा रोध ६४० ओहम, उपाशीपोटी, पाठीवर झोपून. हा आकडा निवडीचा निकष म्हणून वापरू नये. अर्ज स्वीकारला गेला. बाकीच्या दोघींसाठी मी टक्केवारी लिहीतच नाही. दर तीन महिन्यांनी त्यांची उंची, बैठी उंची, वजन आणि रोध वहीत उतरवते, आणि हिमोग्लोबिन आता सगळ्याच संघाचं तपासलं जातं. पहिल्या फेरीत गोलकीपरचं ११.१ निघालं. तिच्या गोळ्या सुरू आहेत.